ख्वाजा अहमद अब्बास : परीक्षणं लिहिता लिहिता नाटक-सिनेमात शिरलेला बातमीदार

धागाकर्ता : शेवटचं पान

आमच्या घरी 'ब्लिट्झ' हा इंग्रजी साप्ताहिक पेपर यायचा, तेव्हा वडील तो मागून उघडायचे. शेवटच्या पानावर एका बाजूला कुठल्यातरी मॉडेलचा फोटो असायचा आणि शेजारी अब्बासांचा रकाना, 'लास्ट पेज'. वडील पान उभं दुमडायचे. फोटो मागे जायचा, रकाना वर राहायचा आणि मग चहा निवेपर्यंत त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. मला तेव्हा इंग्रजी जेमतेम यायचं. पण वाचून झाल्यावर वडील त्यातला एखादा मुद्दा आईला मराठीत सांगायचे, तो माझ्या कानावर पडायचा. त्यामुळे अब्बास मला आधी कळले ते पेपरात लिहिणारे म्हणून. 'आवारा' त्यांनी लिहिलाय हे कॉलेजात गेल्यावर समजलं.

बहुतेकांचं याच्या उलट असतं. अब्बास म्हटलं की 'राज कपूरचे लेखक' नाहीतर 'अमिताभला पहिला सिनेमा देणारे'. दोन्ही खरंच आहे, पण दोन्ही ओळखी दुसऱ्याच्या नावाला टांगलेल्या. हा माणूस आधी वर्तमानपत्राचा चित्रपट समीक्षक होता, आणि पुढे नाटकं, पटकथा, स्वतःचे सिनेमे, अगदी सुप्रीम कोर्टातला खटला, जे जे काही केलं ते त्या समीक्षेचंच पुढचं पाऊल होतं, असं मला फार दिवसांपासून वाटतंय. ते सांगण्यासाठी हा धागा.

जन्म ७ जून १९१४, पानिपत. (मराठी माणसाला पानिपत एकाच कारणाने माहीत. पण उर्दूवाल्यांसाठी ते हालींचं गाव आहे.) मौलाना अल्ताफ हुसेन हाली म्हणजे गालिबचे शिष्य आणि चरित्रकार, उर्दू टीकेचा पाया घालणारे. अब्बास त्यांचे पणतू, म्हणजे समीक्षा घराण्यातच होती. अलीगढला १९३३ साली बी.ए., १९३५ साली कायद्याची पदवी. कायदा शिकतानाच विद्यार्थ्यांचं साप्ताहिक काढलं आणि वकिली बाजूला ठेवून त्याच वर्षी मुंबईला येऊन 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये लागले. फिरोजशहा मेहतांनी काढलेला हा पेपर राष्ट्रीय चळवळीच्या बाजूने उभा असायचा, आणि तेव्हा संपादक होते सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी. तिथे वार्ताहर, उपसंपादक असं करत करत त्यांच्याकडे चित्रपटाचं पान आलं.

तो काळ डोळ्यांपुढे आणा. बोलपट येऊन जेमतेम चार-पाच वर्षं झालेली. सुशिक्षित घरांत सिनेमा म्हणजे वाया जाण्याचा रस्ता. पेपरात सिनेमाविषयी छापून यायचं त्यातलं बरंचसं कंपनीने पाठवलेलं कौतुक, आणि त्याच पानाचा खर्च सिनेमाच्या जाहिरातींवर निघायचा. अशा पानावर बसून हा विशी-एकविशीतला पोरगा सिनेमाला पुस्तकासारखं वाचायला लागला. गोष्ट कुणाची आहे, ती कोण सांगतंय, पडद्यावर गरीब दिसतो तो खरा की रंगवलेला, हे त्याचे प्रश्न. आज हे प्रश्न आपल्याला सवयीचे झालेत. तेव्हा इंग्रजी दैनिकात देशी सिनेमाला असे प्रश्न विचारणं म्हणजे त्याला मान देणंच होतं.

माझ्या मते या समीक्षकाचं सगळ्यात मोठं लेखन कुठल्या सिनेमाचं परीक्षण नाही. ते एक पत्र आहे. गांधीजींनी सिनेमाला जुगार, सट्टा, घोड्यांच्या शर्यती यांच्या रांगेत बसवलं होतं, आणि आपण सिनेमा कधी पाहिला नाही असंही सांगितलं होतं. अब्बास खादीवाले, गांधींना मानणारे. त्यांनी बाबूराव पटेलांच्या 'फिल्मइंडिया' मासिकात ऑक्टोबर १९३९च्या अंकात गांधीजींना उघडं पत्र लिहिलं. पंचविशीतला पत्रकार महात्म्याला लिहितोय, पण सूर कसा? घरातल्या वडिलांशी बोलावं तसा. वाईट सिनेमे निघतात हे आधी मान्य केलं. मग विचारलं की जी गोष्ट तुम्ही पाहिलीच नाही तिला पाप कसं म्हणता? हे आमच्या पिढीचं नवं खेळणं आहे, त्याच्याकडे एकदा हसून बघा, एवढंच मागणं. तोवर प्रभातचा 'संत तुकाराम' येऊन तीन वर्षं झाली होती, हे लक्षात ठेवून ते पत्र वाचलं की त्याची कळकळ जास्त कळते.

समीक्षक म्हणजे फक्त चुका काढणारा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे पत्र जरूर वाचावं. ज्या सिनेमांना हा माणूस आठवड्याला धारेवर धरायचा, त्याच सिनेमासाठी तो देशातल्या सगळ्यात मोठ्या माणसापुढे उभा राहिला.

'तुम्हाला एवढं कळतं तर लिहून दाखवा', हे प्रत्येक समीक्षकाला ऐकावं लागतं. अब्बासांनी लिहून दाखवलं. बॉम्बे टॉकीजने त्यांची 'नया संसार' ही पटकथा घेतली, १९४१ साली सिनेमा आला. नायक कोण, तर वर्तमानपत्राचा बातमीदार! अशोककुमारने केला होता. दहा वर्षांनी स्वतःची चित्रसंस्था काढली तिलाही नाव हेच, नया संसार. त्याच १९४१ साली क्रॉनिकलमध्ये 'लास्ट पेज' सुरू झालं. ते पुढे ब्लिट्झमध्ये गेलं, उर्दूत 'आज़ाद क़लम' नावाने यायचं आणि अखेरपर्यंत चाललं. पंचेचाळीस वर्षांहून जास्त, दर आठवड्याला! मध्ये सिनेमे काढले, सत्तरच्या आसपास पुस्तकं लिहिली, जग फिरले. रकाना चुकवला नाही.

नाटकांविषयी आणि १९४६ सालाविषयी प्रतिसादांत लिहितो, नाहीतर धागा इथेच फार लांबेल.

---

दादरकर

वा! वाचनखूण साठवली. आमच्याकडे पण ब्लिट्झ मागूनच उघडला जायचा, त्यामुळे पहिलं वाक्य वाचूनच थबकलो.

एक शंका. अब्बास १९३६पासून बॉम्बे टॉकीजचं प्रसिद्धीचं कामही करत होते ना? म्हणजे सकाळी परीक्षण आणि संध्याकाळी प्रसिद्धी. हे समीक्षकाच्या धर्मात बसतं का? तुम्ही त्यांना फार वर नेऊन ठेवताय म्हणून विचारतो. राग नसावा.

---

शेवटचं पान

राग कसला, योग्य प्रश्न आहे. हो, हिमांशु राय आणि देविकाराणींच्या बॉम्बे टॉकीजसाठी ते अर्धवेळ प्रसिद्धीचं काम करायचे. आजच्या नियमाने हे बसत नाही, आणि तेव्हाही बसू नये असं माझं मत. त्यावर पांघरूण घालायचं नाही.

फक्त एक सांगतो. त्या दारातून ते आत शिरले म्हणून त्यांना स्टुडिओ कसा चालतो ते कळलं. पटकथा कशी कापली जाते, पैसा कुठून येतो, नट कशाला नाही म्हणतो. पुढच्या लिखाणात सिनेमा धंदा म्हणून कसा चालतो याची जी जाण दिसते, ती इथली. चूक ती चूकच, पण तिच्यातून शिकले ते वाया गेलं नाही.

---

रंगपीठ

नाटकांबद्दल लिहा असं म्हणणार होतो, तेवढ्यात तुम्हीच म्हणालात. मी हौशी रंगभूमीवर पंचवीस वर्षं आहे, त्यामुळे माझ्याकडून भर.

'इप्टा' म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, डाव्या विचारांच्या कलावंतांची संस्था. ती मुंबईत २५ मे १९४३ला स्थापन झाली आणि अब्बास तिच्या पहिल्या माणसांपैकी. 'ये अमृत है', 'ज़ुबैदा' ही त्यांची त्या काळातली नाटकं. 'ज़ुबैदा'ची हकीकत बलराज साहनींनी आठवणींत फार छान सांगितली आहे. १९४४ साल. साहनी बीबीसीची नोकरी सोडून नुकतेच विलायतेहून आलेले. चेतन आनंदबरोबर ते ऑपेरा हाउसजवळच्या प्रोफेसर देवधरांच्या संगीत विद्यालयात गेले. (होय, आपले बी. आर. देवधर. त्या हॉलमध्ये गाण्याखेरीज काय काय घडलंय!) मोजकी माणसं जमलेली. अब्बासांनी नाटक वाचून दाखवलं आणि संपल्यावर सरळ जाहीर केलं की हे बलराज साहनी बसवणार. साहनींना आधी काही विचारलेलंच नाही. तिथून साहनींचं मुंबईतलं नाटकाचं आयुष्य सुरू झालं.

नाटकाची गोष्ट एका मुसलमान मुलीची. ती बुरखा टाकून कॉलऱ्याच्या साथीत सेवा करणाऱ्या स्वयंसेवकांत जाते आणि शेवटी त्याच साथीत मरते. लग्नाची वरात साहनींनी थेट प्रेक्षकांमधून रंगमंचावर नेली. आज आपण याला मोठमोठी नावं देतो. तेव्हा कारण साधं होतं, साथ प्रेक्षकांच्या वस्तीत आहे, मग वरात वेगळ्या जगातून का यावी?

आता दिग्दर्शक म्हणून सांगतो. अशा संहितेत धोका असतो. पात्रं भाषण ठोकायला लागतात. पण कॉलरा, पडदा, लस, सरकारी ढिलाई हा सगळा बातमीचा मजकूर आहे. तो एका मुलीच्या एका निर्णयावर तोलून धरायचा हे नाटककाराचं काम आहे, आणि ते तिथे झालंय.

---

शेवटचं पान

रंगपीठ, मनापासून आभार. देवधरांच्या हॉलचा प्रसंग मीच लिहिणार होतो, पण तुम्ही रंगमंचाच्या बाजूने सांगितलात ते जास्त बरं झालं.

मला वाटतं अब्बासांमधला समीक्षक आणि नाटककार इप्टात एकत्र आले. समीक्षक असताना ते विचारायचे, 'हे कुणासाठी?' इप्टात त्याचं उत्तर समोर सतरंजीवर बसलेलं असायचं. नाटक कळलं नाही तर लोक उठून जायचे. परीक्षणाला असा वाचक मिळत नाही.

तिथूनच १९४६. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं भुकेने गेली. धान्य होतं, पण ते त्या माणसांपर्यंत पोचलं नाही. बिजन भट्टाचार्यांचं नाटक 'नबान्न' आणि कृष्ण चंदरांची कथा 'अन्नदाता' यांच्या आधाराने अब्बासांनी 'धरती के लाल' केला. दिग्दर्शक म्हणून पहिलाच सिनेमा आणि निर्माती खुद्द इप्टा. बलराज आणि दमयंती साहनी, शंभू आणि तृप्ती मित्र, संगीत रविशंकर यांचं. किसान सभेची, कामगार आणि विद्यार्थी संघटनांची माणसं कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. त्याच वर्षी त्यांनी लिहिण्यात हात दिलेला चेतन आनंदचा 'नीचा नगर' कानच्या पहिल्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्यांत होता. आणि त्याच वर्षी शांतारामबापूंचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी', तोही अब्बासांच्या पुस्तकावरून.

तेव्हा वय बत्तीस. आणि हे सगळं होताना ते अजून क्रॉनिकलच्या नोकरीत! ती १९४७ला सुटली.

---

सोलापुरी

कोटणीस निघाले आणि मी गप्प बसेन असं होणार नाही. :)

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या सोलापूरचे. १९३८ला काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. चौघे परत आले. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ला तिकडेच गेले. अब्बासांच्या पुस्तकाचं इंग्रजी नाव सांगतं तेच, 'आणि एक परतला नाही'. मला हे नाव कायम आवडत आलंय. मथळा कसा द्यायचा ते पेपरवाल्याला कळतं. हुतात्मा, अमर, बलिदान, काही नाही. पाच गेले, एक परतला नाही, संपलं.

आमच्या शाळेची सहल कोटणिसांच्या घरी गेली होती. आता तिथे स्मारक आहे. चीनचं शिष्टमंडळ आलं की तिथे फुलं वाहतं. पण त्यांची गोष्ट देशभर पोचवण्यात पानिपतच्या एका पत्रकाराचा हात होता, हे मला आज या धाग्यामुळे नीट समजलं. धन्यवाद दादा.

---

दादरकर

या निमित्ताने आणखी एक मराठी नाव घ्यायला हवं. वसंत साठे, पडद्यावर व्ही. पी. साठे. 'कोटनीस', 'आवारा', 'श्री ४२०', 'बॉबी', सगळीकडे अब्बासांच्या जोडीला हेच. श्रेयनामावलीत दोन सेकंद दिसतात, आपण कधी विचारत नाही कोण ते.

---

शेवटचं पान

अगदी! साठेही पत्रकारितेतून आणि प्रसिद्धीच्या कामातून आलेले. दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली. त्यांच्यावर कुणीतरी स्वतंत्र धागा काढा, माझी विनंती समजा.

---

वाळूचं घड्याळ

लेख आवडला, पण थोडा विरोधी सूर लावते. मी अब्बासांनी दिग्दर्शित केलेले चार-पाच सिनेमे पाहिलेत. विचार मोठा, हेतू चांगला, पण पडद्यावर अग्रलेख चालू आहे असं वाटत राहतं. पात्रं एकमेकांशी बोलत नाहीत, प्रेक्षकाला सांगतात. त्यांच्याच संहिता राज कपूरच्या हातात गेल्या की जिवंत होतात. मग प्रश्न पडतो, इतरांचे सिनेमे इतके बारकाईने तपासणाऱ्या समीक्षकाला स्वतःच्या सिनेमातलं हे दिसलं नसेल?

---

शेवटचं पान

ताई, तुमच्या म्हणण्यातलं बरंच मला मान्य आहे. दृश्य खुलवण्याची राज कपूरची ताकद अब्बासांकडे नव्हती. गाण्याचाही त्यांना फार लोभ नव्हता. १९५४चा 'मुन्ना' तर त्यांनी एकही गाणं न घेता केला. हिंदी सिनेमात १९५४ साली हे म्हणजे काय धाडस, ते वितरकालाच विचारावं.

पण 'राज कपूरच्या हातात संहिता जिवंत झाली' यात संहितेचा वाटा कमी धरला जातो. 'आवारा'च घ्या. सगळा सिनेमा कोर्टात उभा आहे. आरोपी, न्यायाधीश, वकील. आरोपी न्यायाधीशाचाच टाकलेला मुलगा. चोराचा मुलगा चोरच होणार, असं मानणाऱ्या न्यायाधीशापुढे त्याचंच रक्त पिंजऱ्यात. हे शंभर टक्के नाटक आहे. कोर्टासारखं नेपथ्य नाटककाराला उगाच आवडत नाही. तिथे प्रत्येकाला बोलायचा हक्क असतो, आणि प्रत्येकाने बोललेलं तपासलंही जातं.

ही संहिता आधी मेहबूब खानकडे गेली होती. पण अब्बासांना बाप आणि मुलगा खरेच बापलेक हवे होते, पृथ्वीराज आणि राज. तिथे जमलं नाही म्हणून ती राज कपूरकडे आली. नटाची निवड हाही संहितेचाच भाग आहे, हे ओळखणं नाटककाराचंच काम.

आणि शेवटी राजू काय सांगतो ते ऐका. गुन्ह्याचे जंतू मला आईबापाकडून मिळाले नाहीत, आमच्या वस्तीजवळून वाहणाऱ्या घाण गटारातून मिळाले, या अर्थाचं. ते गटार अजून तिथेच आहे, आणि इतर मुलं तिथे वाढतायत. हे वाक्य कवीचं नाही, बातमीदाराचं आहे. त्यात जागा आहे, कारण आहे, आणि 'अजून' आहे.

मग 'श्री ४२०' पाहा. बी.ए. झालेला, प्रामाणिकपणाचं पदक गहाण टाकणारा तरुण, फुटपाथवर झोपणारी माणसं, आणि शंभर रुपयांत घर देतो म्हणून त्याच माणसांना लुबाडणारी कंपनी. मुंबईत राहणाऱ्या कुणालाही ही बातमी जुनी वाटते का? मला तर नाही वाटत.

---

कायद्याची पायरी

मी वकील आहे. अब्बासांचं नाव मला सिनेमाच्या आधी घटनेच्या पेपरला भेटलं. 'के. ए. अब्बास विरुद्ध भारत सरकार', निकाल २४ सप्टेंबर १९७०, पाच न्यायमूर्तींचं पीठ, निकाल लिहिणारे सरन्यायाधीश हिदायतुल्ला.

थोडक्यात सांगते. अब्बासांनी मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली या चार शहरांवर छोटा माहितीपट केला, 'चार शहर एक कहानी'. श्रीमंतीच्या शेजारची गरिबी. त्यात वेश्यावस्तीची काही दृश्यं होती. सेन्सॉरने 'ए' प्रमाणपत्र दिलं. 'यू' हवं असेल तर ती दृश्यं कापा, म्हणाले. अब्बास सुप्रीम कोर्टात गेले.

आता मला सगळ्यात भावणारी गोष्ट. खटला चालू असतानाच सरकारने सांगितलं, न कापता 'यू' देतो. दुसरा कुणी निर्माता असता तर पेढे वाटून घरी गेला असता. अब्बासांनी अर्जात दुरुस्ती मागितली. म्हणाले, आता प्रश्न माझ्या सिनेमाचा नाही, प्रदर्शनाआधी सेन्सॉर करण्याचा अधिकारच तपासा. पेपरला छापण्याआधी कुणाला दाखवावं लागत नाही, मग सिनेमालाच का?

या प्रश्नावर ते हरले. सिनेमाचा परिणाम वेगळा असतो म्हणून पूर्वपरीक्षण घटनेत बसतं, असं कोर्टाने म्हटलं. पण त्याच निकालात कोर्टाने हेही सांगितलं की लैंगिक विषय म्हणजे अश्लीलता नव्हे, आणि नियम असे हवेत की त्यांत कलेला जागा राहील. निर्णयाला मुदत आणि अपिलासाठी न्यायाधिकरण, याची कबुली सरकारकडून याच खटल्यात मिळाली. ते अपील न्यायाधिकरण पुढे १९८३मध्ये आलं आणि २०२१मध्ये बंद झालं. म्हणजे अब्बासांनी मिळवून दिलेलं एक दार आता पुन्हा बंद आहे. आज निर्मात्याला थेट हायकोर्टात जावं लागतं, आणि छोट्या निर्मात्याला ते परवडत नाही. हे मी अशिलांच्या तोंडून ऐकते म्हणून लिहिते.

---

शेवटचं पान

हा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता! १९३५ साली घेतलेली कायद्याची पदवी पस्तीस वर्षांनी अशी कामी आली असं मला नेहमी वाटतं.

आणि बघा, त्यांचा युक्तिवाद पत्रकाराचा आहे. मी पेपरात हेच लिहिलं तर चालतं, मग पडद्यावर दाखवलं तर का नाही? त्यांच्या डोक्यात रकाना आणि रीळ यांत फरकच नव्हता.

---

नवखी वाचक

मी बावीस वर्षांची आहे, पत्रकारिता शिकतेय. 'सात हिंदुस्तानी' फक्त अमिताभसाठी पाहिला होता. त्याबद्दल काही सांगाल का? आणि डाव्या विचारांच्या माणसाने 'बॉबी' कसा लिहिला?

---

शेवटचं पान

'सात हिंदुस्तानी' (१९६९) गोवामुक्तीवर आहे. त्यातली खुबी पात्रवाटपात आहे. अब्बासांनी नटांचे प्रांत मुद्दाम उलटेपालटे केले. बंगाली उत्पल दत्त पंजाबी झाले, केरळचे मधू बंगाली झाले, जलाल आगा मराठी शाहीर सखाराम शिंदे झाला, आणि अलाहाबादच्या कायस्थ घरातला अमिताभ बिहारचा उर्दू कवी अन्वर अली. माणूस कुठल्याही प्रांताचा होऊ शकतो हे त्यांनी संवादात न सांगता थेट निवडीत करून दाखवलं. (वाळूचं घड्याळ ताई, इथे अग्रलेख नाही हं.) अमिताभला मानधन पाच हजार रुपये. हरिवंशराय बच्चन यांचा मुलगा आहे हे कळल्यावर अब्बासांनी आधी वडिलांची संमती मागवली, मग करार.

'बॉबी'बद्दल. 'मेरा नाम जोकर' (१९७०) पडला आणि राज कपूर कर्जात बुडाले. 'बॉबी'ने त्यांना बाहेर काढलं. अब्बासांच्या बाजूने बघायचं तर राज कपूरसाठी लिहून मिळालेला पैसा त्यांनी आपल्या न चालणाऱ्या सिनेमांत घातला. आणि 'बॉबी'तही कोळ्याची मुलगी आणि धनिकाचा मुलगा आहेतच. वर्ग सुटलेला नाही, फक्त या वेळी पोरं जगतात.

पत्रकारिता शिकतेस म्हणून आणखी एक. 'बम्बई रात की बाहों में'चा नायकही पत्रकारच आहे. १९४१च्या 'नया संसार'पासून हे चालूच.

---

गिरणगावकर

उशिरा आलो. बाकी मला फार माहिती नाही, पण 'शहर और सपना'वर बोलायचंय.

माझे वडील कोकणातून मुंबईत आले तेव्हा पहिले काही महिने आसऱ्याला जागा नव्हती. रस्त्याकडेला पाण्याच्या योजनेसाठी आणून टाकलेले मोठे सिमेंटचे पाइप असायचे. एका टोकाला गोणपाट लावायचं, दुसऱ्या टोकाने आत शिरायचं. आत उभं राहता येत नाही. स्वयंपाक बाहेर तीन दगडांवर. पावसात पाणी आलं की रात्रभर उकिडवं बसायचं. वडील हे फार कमी सांगायचे. आम्ही चाळीत वाढलो, त्यामुळे आम्हाला ते कहाणी वाटायचं.

एकदा दूरदर्शनवर 'शहर और सपना' लागला. त्यातलं जोडपं पाइपात संसार मांडतं. नवरी आत वाकून शिरते ते दृश्य आलं आणि वडील उठून गॅलरीत गेले. सिनेमा संपेपर्यंत आत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आईने सांगितलं, रात्री उशिरापर्यंत जागे होते.

दिग्दर्शन चांगलं की वाईट ते मला कळत नाही. पण जिथे आम्ही राहिलो ते कुणीतरी येऊन पाहून गेलं होतं, एवढं कळलं.

---

वाळूचं घड्याळ

गिरणगावकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हा सिनेमा माझा पाहायचा राहिलाय. आधी तो पाहते, मग बोलते.

---

शेवटचं पान

गिरणगावकर दादा, हे इथे लिहिल्याबद्दल तुमचे आभार कसे मानावेत कळत नाही.

'शहर और सपना' १९६३चा, त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालेला. आपले नाना पळशीकर त्यात आहेत. मोठा नट नाही, त्यामुळे तो कुणी विकत घेत नव्हतं.

अब्बास १ जून १९८७ला मुंबईत गेले. त्र्याहत्तर व्हायला सहा दिवस कमी होते. 'एक आदमी' त्यांच्यामागे प्रदर्शित झाला आणि 'हिना'ची कथाही त्यांच्यामागेच १९९१ला पडद्यावर आली. ब्लिट्झचं शेवटचं पान पुढे पी. साईनाथ लिहू लागले, तेच जे नंतर दुष्काळी जिल्ह्यांतून पायी फिरून शेतकऱ्यांविषयी लिहिणार होते.

नवखी वाचक, खासगी निरोप पाठवून विचारलं होतंस की सुरुवात कुठून करू. 'आवारा' लाव. शेवटी राजू कोर्टात गटाराबद्दल बोलतो तिथे थांबव, आणि त्याच बैठकीत 'शहर और सपना' सुरू कर.